शब्दचर्चा : पेशी ‘चिकटतात’, ‘धरतात’ की ‘बिलगतात’?

मूळ प्रश्न

परळमधल्या एका रुग्णसाहाय्य गटासाठी मी कर्करोगविषयक माहितीपुस्तिकेचे मराठीकरण करीत आहे. ही पुस्तिका वाचणारे बहुतेक जण रुग्णांचे नातेवाईक असतील. कोणी कोकणातून, कोणी विदर्भातून उपचारासाठी मुंबईत आलेले आणि रुग्णालयाच्या आसपास मिळेल त्या खोलीत राहिलेले. बाकीचा मजकूर सुरळीत पार पडला, परंतु एका प्रकरणाने मला तीन आठवडे अडवून ठेवले आहे. शरीरातील पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या चौकटीला धरून राहतात त्या आपल्या आवरणावरील विशिष्ट प्रथिनांच्या जोरावर, आणि कर्करोग वाढतो व पसरतो तेव्हा या प्रथिनांचे काम बदललेले असते, असा त्या प्रकरणाचा विषय आहे. इंग्रजीत या प्रथिनांना ‘सेल अ‍ॅडहीजन मॉलिक्यूल’ म्हणतात.

पारिभाषिक संज्ञांमध्ये अ‍ॅडहीजनसाठी ‘आसंजन’ हा शब्द मिळतो, म्हणून प्रथम ‘पेशी-आसंजन रेणू’ असे लिहिले आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवले. हे योगासनांपैकी काही आहे का, असे त्यांनी विचारले. मग ‘पेशींना चिकटवणारे रेणू’ असे केले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डिंकाची बाटली उभी राहते आणि ‘डिंक कमी पडला म्हणून कॅन्सर पसरला’ असा सोपा पण चुकीचा अर्थ निघतो. दुसरी अडचण ‘मेटास्टॅसिस’ची, म्हणजे कर्करोग मूळ जागेपासून दूरच्या अवयवात पसरण्याची. त्यासाठी ‘स्थलांतर’, ‘प्रक्षेप’, ‘विक्षेपण’ असे शब्द वापरलेले दिसतात आणि त्यांपैकी एकही मनास येत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

ताई, मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. वैद्यकाचा अभ्यास नाही, तेव्हा शब्दांपुरतेच बोलतो. ‘आसंजन’ हा शब्द दिसतो तितका परका नाही. त्याच्या मुळाशी लागून राहणे, चिकटून राहणे या अर्थाचा ‘सञ्ज्’ हा धातू आहे, आणि संग, प्रसंग, आसक्ती, निःसंग हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द त्याच घरातले आहेत. (‘सक्ती’ मात्र या घरातली नव्हे, ती फारसी ‘सख्ती’वरून आली.) म्हणजे काकूंना ‘आसक्ती’ कळते आणि ‘आसंजन’ कळत नाही, यात दोष धातूचा नसून वहिवाटीचा आहे.

तथापि येथे उपसर्गाकडे लक्ष द्यावे लागेल. ‘आ’ म्हणजे दुसऱ्या कशाकडे, ‘सम्’ म्हणजे एकत्र. पाण्याचा थेंब काचेला धरून राहतो ते आसंजन आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून थेंबाचा गोल आकार राखतात ते संसंजन, असा भेद भौतिकशास्त्रात केला जातो. आपण ज्या रेणूंविषयी लिहीत आहात ते पेशीला पेशीशी जोडतात की परक्या पृष्ठभागाशी, हे ठरल्याशिवाय एकच शब्द सर्वांना लावणे मला तरी पटत नाही.

जाता जाता ‘अर्बुद’ या शब्दाविषयी. गाठीसाठी हा शब्द सुश्रुतसंहितेत आहे, आणि आधी झालेल्या अर्बुदावर जे दुसरे उद्भवते त्याला तेथे ‘अध्यर्बुद’ म्हटले असून जोडीने होणाऱ्या अर्बुदांना ‘द्विरर्बुद’ असे नाव देऊन ती असाध्य ठरवली आहेत. मेटास्टॅसिससाठी ‘अध्यर्बुद’ कसा वाटतो?

प्रतिसाद २

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शहरातल्या एका प्रयोगशाळेत रोज काचपट्ट्यांवर याच पेशी पाहतो. सरांनी उपसर्गाचा जो मुद्दा काढला आहे तो जीवशास्त्राच्या दृष्टीने फारच महत्त्वाचा आहे, कारण या रेणूंची घराणी वेगवेगळी आहेत आणि त्यांचे वागणेही वेगवेगळे आहे.

पहिले घराणे कॅडहेरिनचे. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, पेशींची एक प्रकारची पकड कॅल्शियमवर अवलंबून असते. कॅल्शियम काढून घेतले की, ती पकड सुटते. पुढे १९८४ मध्ये या रेणूला कॅडहेरिन हे नाव मिळाले, आणि त्या नावातच कॅल्शियम आणि अ‍ॅडहीजन या दोन शब्दांचे तुकडे आहेत. त्वचा, आतडे, स्तनातील नलिका यांच्या अस्तराच्या पेशींवर ई-कॅडहेरिन असते आणि ते शेजारच्या पेशीवरील ई-कॅडहेरिनलाच धरते. म्हणजे येथे सजातीय सजातीयाला धरतो. सरांच्या भाषेत हे संसंजन झाले, आणि गंमत अशी की, आमच्या इंग्रजी अहवालांतही ही पकड गेलेल्या पेशींना आम्ही ‘डिसकोहेसिव्ह’ म्हणतो, म्हणजे तेथेही अ‍ॅडहीजन सोडून कोहेजनचाच आधार घेतो. मराठीत मी तिला ‘सुटी पेशी’ म्हणतो. मोकळा शिजलेला भात आणि गिचका झालेला भात यांतला फरक ज्याला कळतो त्याला माझी काचपट्टी समजावून सांगता येते.

या सुटेपणाचे उत्तम उदाहरण म्हणजे स्तनाचा लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या खंडिकांच्या नावाने ओळखला जाणारा) कर्करोग. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात, आणि त्यांच्यापैकी बहुसंख्य कर्करोगांत ई-कॅडहेरिन नाहीसे झालेले असते. परिणाम असा की, पेशी गठ्ठा करून राहत नाहीत. मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक अशा ऊतकात (पेशींच्या थरांत) शिरत जातात. ई-कॅडहेरिनसाठी विशेष रंगप्रक्रिया केली की, नेहमीच्या नलिकाजन्य कर्करोगाच्या पेशींभोवती तपकिरी चौकटी उमटतात आणि लोब्युलरमध्ये बहुधा काहीच उमटत नाही. ताई, आपल्या पुस्तिकेत ‘स्तनात गाठ लागते’ असे सरसकट वाक्य असेल तर ते जपून लिहा. या प्रकारात हाताला गाठ लागेलच असे नाही, आणि मॅमोग्राफीतही तो सहज निसटतो. ‘गाठ’ हा शब्दच मुळी पेशींनी एकमेकींना धरलेले आहे हे गृहीत धरतो.

ई-कॅडहेरिनच्या जनुकात जन्मतः दोष असेल तर काय होते, याचा पुरावा १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आला. त्या कुटुंबांत तरुण वयातच जठराचा पसरट, गाठ न करणारा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होत होता, आणि मूळ दोष सीडीएच१ या जनुकात सापडला. ‘पकड सुटणे’ हे कर्करोगाचे केवळ लक्षण नसून काही वेळा कारणही असते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

दुसरे घराणे इंटेग्रिनचे. हे नाव १९८६ मध्ये रूढ झाले. हे रेणू जोडीने काम करतात, माणसात त्यांच्या २४ जोड्या ज्ञात आहेत, आणि ते मुख्यतः पेशीला पेशीबाहेरच्या तंतुमय चौकटीशी जोडतात. म्हणजे हे खरे आसंजन. पण ते केवळ धरून ठेवत नाहीत. बाहेर कशाला धरले आहे याचा निरोप आत पोहोचवतात आणि आतल्या हुकमानुसार पकड घट्ट किंवा सैल करतात. पेशी चालते तीच मुळी पुढची पकड घेत आणि मागची सोडत. डिंकाला हे जमत नाही, आणि म्हणून ‘चिकटवणारे’ या शब्दावरचा ताईंचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

तिसरे सिलेक्टिन, चौथे इम्युनोग्लोब्युलिन घराण्यातले रेणू. यांची नावे रुग्णांना माहीत नसतात, पण त्यांच्याशी संबंधित तपासण्या मात्र पाठ असतात. ‘सीईए वाढला’ असे आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक सांगतात. १९६५ मध्ये शोधला गेलेला हा पदार्थ याच चौथ्या घराण्यातला पेशी धरणारा रेणू आहे. स्वादुपिंडाच्या रोगात ‘सीए १९-९’ पाहतात. ती ज्या शर्करासाखळीची मोजणी आहे तिलाच रक्तवाहिनीच्या अस्तरावरचे ई-सिलेक्टिन पकडते. वाहत्या रक्तातली पेशी भिंतीला लागते त्यात या पकडीचा हात असतो. पुस्तिकेत एवढे एक वाक्य घातले तरी हातात रिपोर्ट घेऊन बसलेल्या माणसाला हे प्रकरण आपलेसे वाटेल.

शस्त्रक्रियेनंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटतात त्यालाही इंग्रजीत अ‍ॅडहीजनच म्हणतात, आणि सर्जन मंडळी नातेवाइकांना ‘आतून चिकटलंय’ असे सांगतात. रेणूंसाठीही ‘चिकटणे’ वापरले तर हा घोटाळा होणारच.

‘अध्यर्बुद’ मला आवडला, परंतु तो आधीच्या अर्बुदावरच, त्याच्या लगत उद्भवणारा असाही समजला जाऊ शकतो. मेटास्टॅसिस दूर असते. स्तनातून हाडात, आतड्यातून यकृतात. आता शब्द निघालाच आहे तर सांगतो : जुन्या मोजणीत अर्बुद म्हणजे दहा कोटी, आणि एक घन सेंटिमीटर गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात असा ढोबळ अंदाज केला जातो. योगायोगच, पण सुरेख योगायोग.

प्रतिसाद ३

डॉक्टरांनी सजातीय सजातीयाला धरतो असे लिहिले आहे, त्यासाठी मराठीत ‘बिलगणे’ हे क्रियापद आहे. मध बोटाला, कागदाला आणि बरणीलाही चिकटतो, पण मूल बिलगते ते आपल्याच माणसाला, आणि दोघांचे हात लागतात तेव्हाच ते बिलगणे होते. उलट ‘लगट’ म्हटले की, नको असलेली जवळीक डोळ्यांपुढे येते. पेशी आपल्या ऊतकात बिलगून असतात आणि कर्करोगाच्या पेशी परक्या ऊतकाशी लगट करतात, असे म्हणता येईल. इंटेग्रिनसाठी आमच्या वरळीच्या खडकांवरची कालवे (शिंपले) आठवतात. ती नुसती चिकटलेली नसतात, त्यांनी खडक धरलेला असतो, आणि सोडवायला लोखंड लागते.

प्रतिसाद २, पुन्हा

‘बिलगणे’ ई-कॅडहेरिनला चपखल आहे. कालवांच्या उपमेला मात्र एक हरकत : कालव एकदा बसले की, जन्मभर हलत नाही, आणि इंटेग्रिनचा सारा भर पकड बदलत राहण्यावर असतो. लोकलच्या गर्दीत एक कडी सोडून पुढची कडी पकडत दाराकडे सरकणारा प्रवासी अधिक जवळचा.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण पुस्तिकेत ती बहुधा राहून जाते. पकड सुटली म्हणजे पेशीला फावले, असे नसते. निरोगी पेशीची चौकटीवरची पकड सुटली तर ती स्वतःहून मरते. १९९४ मध्ये या मरणाला ‘अ‍ॅनॉइकिस’ असे नाव दिले गेले. मूळ ग्रीक अर्थ बेघर होणे. शरीराने ठेवलेला हा पहाराच आहे : आपली जागा सोडून भटकणाऱ्याला जगू द्यायचे नाही. कर्करोगाच्या पेशी हा पहारा चुकवायला शिकतात. याला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद १, पुन्हा

‘अनिकेत’ म्हणजे ज्याला घर नाही तो; ‘अनिकेतमृत्यू’ शब्द म्हणून शुद्ध आहे. परंतु गीतेत ‘अनिकेत’ हे भक्ताचे भूषण आहे, आणि मुंबईतल्या दर इमारतीत निदान एक तरी अनिकेत राहतो, तेव्हा पुस्तिकेत असा शब्द छापून एखाद्या आईच्या काळजाला धक्का देणे बरे नव्हे. ‘बेघर मरण’ म्हटले तर या शहरातल्या वाचकाला पदपथ दिसेल. ‘आधार सुटल्याने येणारे मरण’ असे लांबलचक लिहावे. सगळ्याच गोष्टींना एका शब्दात कोंबण्याचा हट्ट नसावा.

प्रतिसाद ४

मी साताऱ्याकडचा, आता डोंबिवलीत असतो. ‘मेटास्टॅसिस’विषयी लिहितो. ‘प्रक्षेप’ म्हटले की, लोकांना क्रिकेट सामन्याचे प्रक्षेपण आठवते. ‘स्थलांतर’ म्हणजे जुनी जागा सोडून जाणे, पण येथे मूळ गाठ जागच्या जागी असते आणि तिच्यातल्या काही पेशी दुसरीकडे वस्ती करतात. गावचे घर तसेच ठेवून मुंबईत बिऱ्हाड करणाऱ्या चाकरमान्यासारखे हे आहे. मी ‘दुसरे बिऱ्हाड’ सुचवणार होतो, परंतु त्या शब्दांना मराठीत जो भलताच वास आहे तो लक्षात घेऊन हात आवरला.

म्हणून शेतीकडे वळतो. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, आणि रोग कुठेही न पोहोचता ठरावीक अवयवांतच वारंवार आढळतो, यकृतात पुष्कळदा आणि प्लीहेत क्वचितच, हे पाहून त्याने बी आणि माती यांचा दाखला दिला. बी सगळीकडे उडते, पण जोगती माती मिळेल तिथेच उगवते. मग ‘रुजणे’ हे क्रियापद आपल्याकडे असताना ‘विक्षेपण’ कशाला? आणि अलीकडे असे आढळले आहे की, पेशी पोहोचण्यापूर्वीच मूळ गाठीतून सुटलेली द्रव्ये दूरच्या अवयवातली जागा तयार करून ठेवतात. इंग्रजीत यासाठी दोन-तीन शब्दांची माळ लागते. आमच्याकडे पाऊस पडून गेल्यावर माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, पेरणीला अगदी योग्य अशी होते तिला ‘वाफसा’ म्हणतात. वाफसा आल्याशिवाय तिफण जुंपत नाहीत.

प्रतिसाद २, पुन्हा

‘वाफसा’ वाचून खुर्चीतून उठलो. इतकी वर्षे विद्यार्थ्यांना ही कल्पना समजावताना माझ्या तोंडी हा शब्द आला नाही, याची खंत वाटली.

‘रुजणे’ला आणखी एक आधार आहे. रक्तात शिरलेल्या पेशींपैकी फारच थोड्या, हजारांत एकापेक्षाही कमी, शेवटी नवी गाठ करू शकतात. उडालेले बहुतेक बी वाया जाते. आणि रुजताना पकड पुन्हा लागते. उंदरांवरील २०१४ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, रक्तातून एकमेकींना धरून जाणारे पेशींचे पुंजके एकट्या पेशींपेक्षा नवी गाठ करण्यात २३ ते ५० पटींनी वरचढ असतात. २०१९ मध्ये, पुन्हा उंदरांतच, असे आढळले की, स्तनाच्या नलिकाजन्य कर्करोगातून ई-कॅडहेरिन काढून टाकले तर पेशी आजूबाजूला अधिक घुसतात, पण जगतात कमी आणि दूरच्या गाठीही कमी होतात. तेव्हा ‘पकड सुटली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य अर्धे खरे आहे. पकड कुठे सुटावी, कुठे घ्यावी आणि कोणाची घ्यावी हा हिशेब बिघडतो, हे पूर्ण वाक्य.

व्याकरणाचा एक मुद्दा राहिला. स्तनाचा कर्करोग यकृतात रुजला तर नातेवाईक ‘आता लिव्हरचा कॅन्सर झाला’ असे म्हणतात, आणि त्यातून औषध कोणते, आजार कोणता याविषयी गैरसमज वाढतात. त्या पेशी स्तनाच्याच असतात आणि उपचारही त्या हिशेबानेच ठरतात. मराठीत याची सोय विभक्तीनेच करून ठेवली आहे : रोग ज्याचा त्याला षष्ठी, रोग जिथे त्याला सप्तमी. ‘यकृताचा कर्करोग’ वेगळा आणि ‘यकृतात रुजलेला स्तनाचा कर्करोग’ वेगळा. पुस्तिकेत ‘चा’ आणि ‘त’ यांची अदलाबदल कुठेही होऊ देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची ऋणी आहे. मध्यंतरी ‘पेशीबंध’ असाही एक शब्द मला सुचला होता, परंतु शाळेत ‘रासायनिक बंध’ शिकलेल्या मुलांचा त्याने गोंधळ होईल असे वाटल्याने तो सोडला. आता ‘पकड’ हा साधा शब्द धरून नवा मसुदा केला आहे. ‘पेशी-आसंजन रेणू’ ही संज्ञा प्रकरणाच्या आरंभी एकदाच देईन, पुढे ‘पकड-रेणू’. परिच्छेद असा :

‘आपल्या शरीरातील पेशी सुट्या नसतात. त्या शेजारच्या पेशींना बिलगून असतात आणि खालच्या चौकटीला धरून असतात. यासाठी त्यांच्या आवरणावर पकड-रेणू असतात. पेशीची ही पकड सुटली तर ती सहसा मरते. कर्करोगाच्या पेशी मात्र आपली पकड सोडूनही जिवंत राहतात, रक्तातून दूर जातात आणि जिथे वाफसा मिळेल तिथे नवी पकड घेऊन रुजतात. स्तनाचा कर्करोग अशा प्रकारे हाडात रुजला तर त्याला हाडाचा कर्करोग म्हणत नाहीत. तो हाडात रुजलेला स्तनाचा कर्करोग होय.’

हा परिच्छेद काकूंना वाचून दाखवला. योगासनांचा प्रश्न आला नाही. ‘वाफसा म्हणजे काय?’ असे मात्र त्यांनी विचारले. त्यांचा जन्म गिरगावातला.

प्रतिसाद ४, पुन्हा

ताई, गिरगावकरांसाठी ‘वाफसा’च्या पुढे ‘पेरणीजोगी माती’ एवढे घाला. विदर्भातून आलेल्याला ते लागणार नाही.

प्रतिसाद २, पुन्हा

मसुद्यात दोन दुरुस्त्या. ‘रक्तातून’ याऐवजी ‘रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून’ असे करा, कारण आपल्याकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग पुष्कळ आणि तो बहुधा प्रथम मानेतल्या लसिकाग्रंथींतच जातो. दुसरे, ‘आपली पकड सोडूनही’ हे ‘आपली पकड सैल करून’ असे असावे. पुष्कळदा ती पुरती सुटलेली नसतेच.